चौदावा दिवस

दोष सापडला. पाच मिनिटांत सापडला, आणि तो देवयानीत नव्हता. पण तिला हे अजून ठाऊक नाही. तेव्हा तो सापडलेलाच नाही असं धरून आपण तिच्या खुर्चीमागे गपचूप उभे राहू.

दवाखाना फरीदाबादला. दिल्लीतल्या आर. के. पुरममधल्या घरून मेट्रो बदलत इतक्या लांब यायचं कारण एकच, डॉ. सुखदा मराठी होत्या. दोन वर्षं चार महिने दिल्लीभर हिंदीत सगळं उघडं करून सांगताना देवयानी थकली होती. निदान रडायचं तरी मराठीत, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले. नवऱ्याचा, म्हणजे सुधन्वाचा, नॉर्मल. देवयानीच्या नळ्या मोकळ्या. त्या मोकळ्या आहेत का हे तपासताना ती किती जोरात ओरडली होती, ते रिपोर्टात नव्हतं. पाळी अठ्ठावीस दिवसांची, घड्याळ लावावं अशी.

"सगळं ठीक दिसतंय की," डॉक्टर म्हणाल्या. "योग्य दिवस कसे काढता?"

"ते हा बघतो," देवयानी म्हणाली.

सुधन्वा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता. त्याने पिशवीतून फाईल काढून नाडी सोडली. आत प्रत्येक पानाला क्रमांक होता. मूल व्हावं म्हणून इतकं कोणी केलं नसेल.

"चौदावा दिवस, मॅडम. आधीच्या डॉक्टरांनी तोच सांगितला होता. एकही महिना चुकवला नाही, आणि मधले सगळे दिवस संयम. मागच्या ऑक्टोबरात तर मला एकशे दोन ताप होता."

"होता," देवयानीने दुजोरा दिला.

डॉक्टरांनी एक पान जवळ ओढलं. बोटांवर मोजलं. मग दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजलं.

"पाळी तीन तारखेला आली. मग चौदावा दिवस बावीस तारखेला कसा?"

"शनिवार-रविवार वगळून," सुधन्वा म्हणाला.

"वगळून म्हणजे?"

"कामाचे दिवस, मॅडम. चौदा दिवसांत उत्तर द्या म्हटलं की कामाचेच धरतात. वर राजपत्रित सुट्ट्या. ऑक्टोबरात दसरा आला, दिवाळी आली, तेव्हा चौदावा दिवस तेविसाव्यावर गेला." मग त्याने प्रामाणिकपणे भर घातली, "आणि पाळी संध्याकाळी साडेपाचनंतर आली, तर तिची आवक दुसऱ्या दिवशीची धरली. कुठे सवलत घेतली नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अहो, स्त्रीबीज शनिवारी सुटतं. रविवारी सुटतं. सव्वीस जानेवारीलाही सुटतं. पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी ते बाहेर पडतं आणि जेमतेम एक दिवस टिकतं. पुरुषबीज मात्र आत तीन ते पाच दिवस वाट बघू शकतं, म्हणून जायचं ते आधीपासून. तुमच्या हिशोबात दहाव्यापासून पंधराव्यापर्यंत. तुम्ही दर महिन्याला पोचलात ते सगळं आटोपल्यावर."

"म्हणजे एकदाही...?"

"एकदाही नाही. इतकं चोख संततिनियमन मी वीस वर्षांत पाहिलं नाही."

देवयानीच्या कानात शिट्टी वाजू लागली. पुण्याहून येणारं सासूबाईंचं कडू चूर्ण, बारशांना न जायची शोधलेली कारणं, सगळं तिला एकदम आठवलं. आत्याबाईंनी फोनवर "दोष कोणात आहे गं?" असं विचारलं होतं, तेव्हा "माझ्यात" असं ती स्वतःच म्हणाली होती. कारण सुधन्वा बिचारा शेजारी बसून पानांना क्रमांक घालत होता.

"अरे," तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "शनिवारी मी जवळ आले की तू म्हणायचास, यार, आज आराम कर."

"म्हणायचो ना. वीकेंडला तुला ताण नको म्हणून."

तिने त्याच्याकडे बघितलं. बारा वर्षांच्या संसारात इतक्या बारकाईने बघायची वेळ आली नव्हती. तो खरोखरच तिची काळजी घेत होता. हेच तर भयंकर होतं.

"मग पुढच्या महिन्यात बरोबर मोजलं तर?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"बिल्कुल प्रयत्न करू. पण देवयानी, आता एकोणचाळीस चालू आहे ना? दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टात बीजांचा साठा चांगला होता. आजचा..." डॉक्टरांनी कागद पालथा ठेवला. "आजच्यात फार वेळ नाही."

"यात काही मुदतवाढ?" सुधन्वाने विचारलं.



देवयानीने डॉक्टरांच्या पॅडचा एक कागद फाडून घेतला. ती स्वतः दुसऱ्या एका मंत्रालयात आस्थापना शाखेत होती. जन्मतारीख बदलून मागणारे अर्ज तिच्याच टेबलावर येत, आणि अकरा वर्षांत तिने त्यातला एकही पुढे जाऊ दिला नव्हता. मजकूर तिला तोंडपाठ होता. तिने सुधन्वाच्या खिशातलं पेन काढलं आणि लिहिलं :

विषय : जन्मतारखेत दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय, अर्जदाराच्या नियंत्रणाबाहेरील कारणांमुळे वाया गेलेला दोन वर्षे चार महिन्यांचा कालावधी, शनिवार, रविवार व सर्व सुट्ट्यांसह, तिच्या वयातून वगळण्यात यावा, ही नम्र विनंती.