तारखेचा कागद

ऑनलाइन लिलावात दोनदा हात पोळल्यापासून कासाब्लांकाचा तिहामी कुणाच्या बापावर विश्वास ठेवत नसे. तिथे तो स्वतःचं खरं नावसुद्धा टाकत नसे. मुलीच्या लग्नासाठी त्याला चांदीचा तिकोनी ब्रोच हवा होता. तिकडे तिझनितला, धाकट्या भावाकडे राहणारी त्याची आई शालीला लावते, अगदी तसा. परवा एक सापडला. खाली लिहिलं होतं, "माझ्या दिवंगत आईची शेवटची आठवण."

"भाव वाढवायचा म्हटलं की मारली आई!" तो बायकोवर खेकसला.

"मग घेऊ नका ना," रहमा म्हणाली.

"घेणार! पण आजची तारीख लिहिलेला कागद आणि ब्रोच हातात धरून फोटो पाठव म्हटलंय त्याला. दुसऱ्याचे फोटो चोरून लावणारे तिथेच गळतात."

तासाभरात फोटो आला. तारीख आजची होती, ब्रोचही अस्सल दिसत होता. फोटोत चेहरा नव्हता, फक्त ते धरलेला एक म्हातारा हात होता. मनगटावर हिरवं गोंदण, आणि करंगळी वाकडी, तिहामीनेच लहानपणी दारात चेंगरलेली.

तेवढ्यात तिझनितहून फोन आला.



"लेकरा, पोचला का रे माझा फोटो? धाकटा म्हणाला, तूच मागवलास. कागदावरचं काही मला वाचता येत नाही बाबा, पण हसतेय ना मी नीट?"