श्रोत्यांच्या आग्रहास्तव

रेडिओ केंद्राच्या स्टुडिओत कोणी बोलत नसलं, तरी आवाजाच्या मीटरची सुई शून्याच्या केसभर वर थरथरत असे. माईक सुरू करण्याआधी तिच्याकडे एकदा पाहायचं, ही उद्घोषिका हेमलताबाईंची एकतीस वर्षांची सवय.

आज हातातल्या कागदाची सुरुवात ओळखीची होती: ‘श्रोत्यांच्या आग्रहास्तव...’ शेतीचा कार्यक्रम काढून नाट्यगीतं आणली, तेव्हा त्यांनी हेच वाचलं होतं. नाट्यगीतं काढून सिनेमाची गाणी आणली तेव्हा, आणि गाणी काढून मुंबई केंद्राच्याच कार्यक्रमांचं सहक्षेपण आलं तेव्हाही. दर वेळी कपाटात नेमकी उलट मागणी करणारी पोस्टकार्डं दोरीने बांधून ठेवलेली असायची. पुढच्या वेळी वाचायचं नाही, असं त्या दर वेळी ठरवायच्या.

या वेळी केंद्रच बंद होत होतं.

“साहेब, बंद करा म्हणून एक तरी पत्र आलंय का?”

“बाई, आधी तीनदा वाचलंत, तेव्हा कुठे पत्रं पाहिली होती?” केंद्रप्रमुख हसले. “वाचा, तुमच्या त्या गोड आवाजात.”

साहेबांचं म्हणणं खरं होतं.

लाल दिवा लागला. बाईंनी सुईकडे पाहिलं आणि कागद पालथा ठेवला.

“श्रोतेहो, आपलं केंद्र आज बंद होत आहे. हा आग्रह तुमचा नाही. आधीचे तीनही तुमचे नव्हते. मी खोटं वाचत आले. यापुढे वाचणार नाही.”