सर्वानुमते

“थांबा. मले बोलाचं आहे.”

टॅबचा आवाज प्रतिष्ठानच्या सभागृहात खणखणीत उमटला आणि अध्यक्ष मधुसूदन साहेबांचं वाक्य मध्येच तुटलं. टेबलाभोवतीच्या सगळ्या माना व्हीलचेअरकडे वळल्या. संघपालची वाकडी मूठ अजून टॅबवरच होती. सव्वीस वर्षांत त्याच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. जे काही बोलला ते गेल्या तीन वर्षांत, या टॅबमधून.

सचिव वंदना मॅडम गोड हसल्या. “बोलेल हं, बोलेल. सर बोलताहेत ना आता?”

हे त्या संघपालला नव्हे, त्याच्या आईला सांगत होत्या. इंदूबाई शरमेनं अर्धी झाली. धंतोलीच्या एका दवाखान्यात आया म्हणून तिची तीस वर्षं गेली होती. मोठे डॉक्टर राउंडला आले की वॉर्ड चिडीचूप. कण्हणाऱ्या पेशंटलाही ती डोळे वटारून गप्प करायची. तीच सवय आता हातात उतरली. तिनं टॅबच्या कडेचं बटण दाबून आवाज पार खाली नेला आणि पोराच्या कानाशी कुजबुजली, “साहेबाचं होऊ दे गा बाबू. ते विचारतीन, मंग बोल.”

साहेबांचं पुन्हा सुरू झालं. त्यांच्यापाशी शब्दांना काही तोटा नव्हता. न बोलणाऱ्यांना वाचा देण्याचं प्रतिष्ठानचं व्रत, त्यातून वाढलेली नागपूरची शान, आणि या सगळ्याची आठवण म्हणून आता ‘संवाद भवन’. तीन मजले, वातानुकूलित, दर्शनी भिंतीवर साहेबांच्या मातोश्रींचं नाव. इमारत उभी करायची तर बाकीचे खर्च आवरायला हवेत. बाकीचे खर्च म्हणजे ‘बोली’.

‘बोली’ हे संघपालच्या टॅबमधलं ॲप. मनीषनगरच्या धम्मदीपनं ते बनवलं आणि फुकट वाटलं. चित्रावर बोट ठेवा नाहीतर अक्षरं जुळवा, ॲप तुमच्या वतीनं बोलतं. तेही इकडच्यासारखं, मले-तुले करून. नागपुरापासून भिवापूरपर्यंत चारेकशे घरांतली न बोलणारी माणसं त्यातून पाणी मागत होती, भांडत होती, बहिणींना चिडवत होती. नवे मोबाइल आले की ॲपही सुधारावं लागे. त्यासाठी दोन माणसं राबत आणि त्यांचे पगार प्रतिष्ठान देई. आजचा ठराव झाला की पगार बंद, आणि वर्षभरात ‘बोली’ही बंद.

अडवायची वाट एकच होती. एका जरी सदस्यानं हरकत घेतली तर ठराव सहा महिने मागे पडे, असा प्रतिष्ठानचा नियम होता. धम्मदीप सदस्य नव्हता, तो फाटकाबाहेर थांबला होता. संघपाल मात्र ‘लाभार्थी प्रतिनिधी’ होता. फोटोत दिसावा म्हणून घेतलेला, पण सदस्यच. आठवडाभर मायलेकांनी तयारी केली. मूठ चुकू नये म्हणून ॲपमध्ये अख्ख्या पडद्याच्या एकाच बटणाचं वेगळं पान केलं आणि त्यावर एकच वाक्य बसवलं. ते पान इंदूबाईनं आता उघडून ठेवलं.

“तर,” चष्मा काढत साहेब म्हणाले, “कुणाची हरकत?”

आणि खोटं कशाला बोला, ते थांबलेही. एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. संघपालकडे तर जरा जास्तच वेळ पाहिलं. त्याची मूठ टॅबवर आदळली. एकदा, दोनदा, मग कितीतरी वेळा. त्याचे हात असे उडतातच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इंदूबाई साहेबांच्या तोंडाकडे बघत हात जोडून बसली होती. बोल ना बाबू, आता बोल, असं मनातल्या मनात म्हणत होती.

“सर्वानुमते मंजूर.”

टाळ्या झाल्या. मग समोसे आले.

“काहून गप्प बसला गा तू?” व्हरांड्यात येताच इंदूबाई करवादली. “आठ दिवस मरमर केली, अन् ऐन टायमाले तोंड शिवलं?”

संघपालनं मान टॅबकडे झुकवली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘मले हे मंजूर नाही.’ खाली आवाजाच्या खुणेवर काट मारलेली होती.

इंदूबाईनं ती काट पाहिली. टॅब उचलून ती तशीच आत धावली. “मॅडम, त्यानं म्हटलं होतं जी! आवाज बंद होता. मीच केला, मायाच हातानं केला.”

वंदना मॅडमनी हातातली बशी खाली ठेवली नाही. “अहो इंदूबाई, ठराव लिहून सह्याही झाल्या. पुढच्या सभेत त्यालाच पहिल्यांदा बोलायला देऊ, मग तर झालं?”

पुढच्या सभेत तो कशातून बोलणार, हे विचारण्याचं भान इंदूबाईला उरलं नव्हतं. तिनं आवाज पार वर नेला, अक्षरांचं पान उघडलं, टॅब पोराच्या मांडीवर ठेवला आणि व्हीलचेअर ढकलत फाटकाशी आली. धम्मदीप धावत पुढे आला.

“काय झालं काकू? बोलला ना तो?”

“मी...” एवढंच ती म्हणाली.

संघपालची मूठ हलू लागली. एक अक्षर, मग दुसरं. दोघंही वाट पाहत उभे राहिले. सांगू दे, इंदूबाईला वाटलं. त्याचा हक्कच आहे. साऱ्या दुनियेला ऐकू जाईल असं सांगू दे.

“दादा,” टॅब बोलला, “आई लय म्हणे, बोल म्हणून. मीच भेलो.”