क्लीटने बसवलेले टायर

खडूची रेघ चार बोटं सरकली होती.

वेंडेल स्ट्राउड गुडघे टेकून ती पाहत बसला. फेरीआधी त्याने मागच्या चाकाच्या कडेवरून टायरवर एक सरळ रेघ ओढली होती. आता चाकावरची रेघ एकीकडे होती आणि टायरवरची दुसरीकडे. इंजिनाने चाक जोरात फिरवलं होतं. टायर मात्र चाकावरच घसरला होता.

"पन्नास वर्षं हेच चाललंय," तो म्हणाला.

"फेरी तर जिंकलास ना?" नॅडीनने विचारलं. ती त्याच्या धाकट्या भावाची, क्लीटची बायको. क्लीट गेल्या हिवाळ्यात गेला होता. त्याच्या जागी आज हत्यारांची पेटी तिनेच उचलून आणली होती.

"समोरच्याचं इंजिन बंद पडलं म्हणून जिंकलो. अंतिम फेरीत होबार्ट लुट्झ आहे. त्याचं इंजिन बंद पडत नाही."

मिझुरीतल्या या पाव मैलाच्या पट्टीवर दर सप्टेंबरात जुन्या गाड्यांची, एका वेळी दोघांची, शर्यत व्हायची. होबार्टने तिचा चषक नऊ वेळा नेला होता. त्याची चाकंही वेंडेलच्या चाकांसारखीच साठ वर्षांपूर्वीची, मॅग्नेशियमची, पण त्याचा टायर केसभरही सरकत नसे. वेंडेलची गाडी सुटायची झकास. मग अर्ध्या वाटेत टायर घसरून मागची चाकं थरथरायला लागायची आणि त्याला ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा लागायचा.

शेजारच्या गाडीवाल्याने मान वर केली. "अरे म्हाताऱ्या, चाकाच्या कडेला भोकं पाड आणि स्क्रू मार. टायर जागचा हलायचा नाही."

"हे मॅग्नेशियम साठ वर्षांचं आहे. भोक पाडलं की तडा गेलाच समज. तू तुझी कथलाची चाकं सांभाळ."

शेजारी हसून परत इंजिनात घुसला.

"मग करणार काय?" नॅडीनने विचारलं.

"टायर उतरवून बघणार. दोन तास आहेत."

"इतक्या वर्षांत कधी बघितलं नाहीस?"

"गाडी माझी, चाकं क्लीटची. तसंच ठरलं होतं आमचं."

ठरलं होतं ते अपघातानंतर. चोविसाव्या वर्षी वेंडेल पट्टीच्या टोकाशीही पाय न उचलता थेट पलीकडच्या मक्याच्या शेतात घुसला होता. गाडी तीनदा उलटली. अकरा आठवडे तो प्लास्टरमध्ये पडून होता, आणि बाहेर आल्यावर पहिला प्रश्न त्याने गाडीबद्दल विचारला. क्लीटने गाडी पुन्हा उभी करून दिली. अट एकच घातली: चाकांना माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

पहारीने टायर उतरला. वेंडेलने चाकाच्या आत पाहिलं आणि मोठ्याने हसला.

"नॅडीन, ये, बघ हे. टायर जिथे बसतो तिथे या शहाण्याने आरसा करून ठेवलाय! त्यावर साबणाचं पाणी लावून टायर चढवायचा. घसरेल नाही तर काय होईल?"

"तो कुठलंच काम अर्धवट करत नसे," नॅडीन म्हणाली.

"हात सोन्याचा होता त्याचा. डोकंच जरा कमी पडायचं."

नॅडीनने जाड पॉलिश पेपर त्याच्या हातात जरा जोरातच ठेवला.

वेंडेलने दोन्ही चाकांच्या आतली चकाकी खरवडून काढली. बोट फिरवलं की खरखर लागेपर्यंत तो थांबला नाही. मग साबणाचा मागमूस राहू नये म्हणून सगळं स्पिरिटने पुसलं. टायर चढवतानाही स्पिरिटच लावलं, कारण ते उडून जातं आणि मागे निसरडं काही उरत नाही. हवा थोडी वाढवली. हात काळे झाले होते, पाठ धरली होती, तरी तो शीळ घालत होता.

"दीड तासाचं काम," तो म्हणाला. "पन्नास वर्षांत क्लीटला जमलं नाही ते."

"त्याच्याबद्दल आज तरी बोलू नकोस असं," नॅडीन म्हणाली. वेंडेलने हत्यारं पेटीत टाकली. हेल्मेट घालताना मात्र त्याने तिला डोळा मारला.

हिरवा दिवा लागला. कमानीतून बाण सुटावा तशी गाडी सुटली. अर्धी पट्टी मागे पडली. वेंडेल त्या ओळखीच्या थरथरीची वाट पाहत होता. ती आलीच नाही. चाकं रुळावर असावीत तशी धावत होती. होबार्टचं नाक एकदा डोळ्याच्या कोपऱ्यात दिसलं आणि नाहीसं झालं. वेंडेलने पाय दाबूनच धरला. शेवटची रेघ ओलांडल्यावरही क्षणभर त्याला तो उचलायचं भान नव्हतं. मग गाडीमागची वेग रोखणारी छत्री उघडली आणि पट्टी संपायला जेमतेम तीन हात उरले असताना गाडी थांबली.

तो बाहेर आला तेव्हा तोंडभर हसू होतं. नॅडीन धावत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"होबार्ट!" समोरून चालत येणाऱ्या होबार्टला वेंडेलने हाक मारली. "तुझं गुपित फोडलं मी आज. आतून खरखरीत करायचं आणि साबण लावायचा नाही. बरोबर ना?"

होबार्टने हेल्मेट काखेत धरलं. त्याने आधी नॅडीनकडे पाहिलं.

"बरोबर. पण ते माझं गुपित नाही. क्लीटने शिकवलं मला, तू प्लास्टरमधून उठलास त्याच वर्षी."

वेंडेलचं हसू तसंच राहिलं. "मग माझ्या चाकांना का नाही केलं त्याने?"

"मीही हेच विचारलं होतं. तो म्हणाला, चाक थरथरलं तरच माझा भाऊ पाय उचलतो."