म्हशीचं पुस्तक

अंगणवाडीच्या नूतनताईंनी पोरांना वाचून दाखवायला पेणहून चित्रांची पुस्तकं निवडून आणली. पादणाऱ्या म्हशीचं पुस्तक सुरू झालं आणि पोरं हसून हसून जमिनीवर लोळायला लागली.

तेवढ्यात नातवाला न्यायला हिरामणभाऊ आले. "यात संस्कार कुठं हाय? असलं पोरांना वाचून दाखवायचं नाय!" असं म्हणत त्यांनी पुस्तक काखेत मारलं आणि नातवाला ओढत तडक घर गाठलं. बाकीच्या पोरांनी भोकाड पसरलं. ताईंनी मग शहाण्या मुंगीचं पुस्तक उघडलं, तर निम्मी पोरं झोपली.

दुसऱ्या दिवशी हिरामणभाऊंची बायको ठमाबाई अंगणवाडीच्या दारात उभी.

 

"गो बाय, तसलंच आणखी एखादं हाय काय? कालपासून हे मला तेच वाचून दाखवतायत, आवाजासकट!"