तीन भागिले पाऊण

“सर, तुम्ही ढ!”

चिठ्ठी उलगडायच्या आत शेजारच्या भूगोलाच्या बाईंनी डोकावून वाचली आणि अख्खी खोली खिदळली. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा तिसरा दिवस. एकाने धडा घ्यायचा, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं. कुणी कसला विद्यार्थी व्हायचं ते चिठ्ठी ठरवणार. कुणाला ‘हुशार’ आली, कुणाला ‘बडबड्या’. उलटेसरांना आली ‘काहीच न कळणारा’.

उलटेसर हे नाव मुलांनी ठेवलेलं. अपूर्णांकांचा भागाकार आला की सर फळ्यावर थाप मारून गरजायचे, “दुसरा उलटा करा आणि गुणा!” अठ्ठावीस वर्षं या एका आरोळीवर पोरं धडाधड पास होत होती.

आज मात्र पास-नापास सरांचंच होतं. मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून तज्ज्ञ बसले होते. पाठ्यपुस्तकातला अपूर्णांकांचा धडा लिहिणारे हेच. मांडीवर निरीक्षणपत्रक. मार्गदर्शकांच्या यादीत एकच जागा रिकामी, ती ते आज भरणार. नाव लागलं की उलटेसर शिक्षकांचे शिक्षक. यापूर्वी दोनदा हुकलं होतं. बायकोने सकाळी दारातच बजावलं होतं, “आज तरी मूग गिळून बसू नका हं!”

*रकाना पहिला. वर्गातील सहभाग :*

धडा घेणाऱ्या बाई नव्या होत्या. नोकरीला जेमतेम आठ महिने. त्यांनी फळ्यावर लिहिलं, तीन भागिले पाऊण. उत्तर काढलं, चार.

सर उठले. डोकं खाजवलं, नाक ओढलं. “बाई, भागल्यावर कमी व्हायला पाहिजे ना? मग तिनाचे चार कसे झाले?”

हशा.

“आणि त्या पाऊणला उलटं का टांगलंत? त्या बिचाऱ्याने काय घोडं मारलंय?”

मोठा हशा. “सर, नाटकात जा हो तुम्ही,” भूगोलाच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या.

*रकाना पहिला. वर्गातील सहभाग : उत्कृष्ट. (दोनदा अधोरेखित.)*

नव्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून फितीचं भेंडोळं काढलं आणि टेबलावर सोडलं. “ही तीन मीटर. मला हवेत पाऊण-पाऊण मीटरचे तुकडे. आधी पाव-पाव मीटरवर खुणा करू. एका मीटरमध्ये पाव किती?”

“चार.”

“तीन मीटरमध्ये?”

“बारा. चारने गुणलं की.”

“आता एका तुकड्याला किती पाव लागतील?”

“तीन,” सर म्हणाले, आणि त्यांचं तोंड मिटायचं राहिलं.

बाईंनी तीन-तीन पाव मोजून कात्री चालवली. एक. दोन. तीन. चार. शेवटी चिंधीसुद्धा उरली नाही. चारने गुणलं होतं, तीनने भागलं होतं. फळ्यावर उलटा झालेला पाऊण नेमकं तेच सांगत होता. सर एकदा फळ्याकडे बघत, एकदा टेबलाकडे.

टाळ्या पडल्या. कुणी शिट्टीही मारली.

“वा!” मागून तज्ज्ञ म्हणाले. “कळण्याचा क्षण काय दाखवलात हो चेहऱ्यावर! आता यादीत दुसरं कुणाचं नाव घालू?”

*रकाना शेवटचा. शिफारस : श्री.*

सरांनी हसून खाली बसायचं, एवढंच काम होतं. ते बसले नाहीत.

“साहेब, ते नाटक नव्हतं. मला हे आत्ता कळलं.”

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. “अहो, बसा ना!” भूगोलाच्या बाईंनी त्यांची बाही ओढली. “हातातलं कशाला घालवताय?”

“अठ्ठावीस वर्षं शिकवतोय,” सर म्हणाले. “एका पोराने विचारलं होतं, का म्हणून. त्याला मी वर्गाबाहेर उभं केलं होतं.”

तज्ज्ञांनी पेनाला टोपण लावलं. पत्रक मिटलं. मग ते उठले, आपली खुर्ची उचलली आणि बाकांना धडका देत थेट टेबलापाशी येऊन बसले.

“बाई,” ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “पहिल्यापासून दाखवा. जरा सावकाश.”