पुसलेल्या ताऱ्याभोवती

आकाशगंगेच्या केंद्राशी कुणाची लबाडी चालत नाही, असं आमचे विभागप्रमुख दर भाषणात सांगत. पुढे एक तारा त्यांच्या गणितात बसेना, तेव्हा त्यांनी तो ‘कॅमेऱ्यावरचा डाग’ म्हणून छायाचित्रातून पुसून टाकला.

त्याच ताऱ्यावर आणि त्याच्याभोवती वळणाऱ्या वायूवर त्यांच्या विद्यार्थिनीचा सगळा प्रबंध उभा होता.

“सर, डाग कधी वायूला वळवतो का हो?” तिने विचारलं.

“अगं, आधी माझा शोधनिबंध छापून येऊ दे, मग शोधू तुझा तारा,” सर म्हणाले. तिच्याकडे बघणं मात्र त्यांनी टाळलं.

दुर्बिणीचं नवं छायाचित्र आलं. त्याला कुणी हात लावला नव्हता, तरी तारा त्यातही नव्हता. तापलेला वायू मात्र त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जात होता.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. चूक कबूल करायला ते तडक विद्यार्थ्यांच्या खोलीत गेले. चहाचे कप घेऊन पोरं ये-जा करत होती, आणि खिडकीजवळच्या मोकळ्या फरशीपाशी आली की न बघताच बाजूने जात होती.

“इथे बसणारी मुलगी कुठंय?”

“कोण मुलगी, सर?”

सरांनी कार्यालयात फोन लावला. कारकून म्हणाला, विभागात तशी जागा कधी मंजूरच झाली नव्हती.